बेताचे गुण असलेल्यांसाठी शिष्यवृत्ती

महाविद्यालयीन शिष्यवृत्त्यांपैकी केवळ गुणांवर दिल्या जाणाऱ्या थोड्या आहेत. सरकारी तिजोरीतून दरवर्षी विद्यार्थ्यांना जो पैसा मिळतो, त्याचा मोठा भाग घरचे उत्पन्न, जातप्रवर्ग, अपंगत्व, आईवडिलांचे काम किंवा निवडलेला अभ्यासक्रम पाहून दिला जातो. यांतल्या बऱ्याच योजनांना विद्यार्थी उत्तीर्ण झालेला असला की पुरते. तरीही बारावीला पन्नास-पंचावन्न टक्के मिळालेला गोव्याच्या पेडण्यातला किंवा डिचोलीतला मुलगा शिष्यवृत्तीचा विषय निघाला की बाजूला होतो. निकालानंतर गावात, पंचायतीत आणि समाजाच्या सभागृहात सत्कार होतात ते पहिल्या येणाऱ्यांचे. त्यामुळे शिष्यवृत्ती हा त्याच सत्काराचा पुढचा भाग आहे, असा समज घरोघरी रुजला आहे. या समजापायी हक्काचे पैसे सुटतात.

हा समज जिच्यामुळे पक्का होतो ती योजना आधी पाहावी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती खरोखरच गुणवंतांची आहे. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या विद्यार्थ्यांना ती मिळते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला २०,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे लागते, आणि बारावीला आपल्या मंडळाच्या आपल्या शाखेत विद्यार्थी ८० पर्सेंटाइलच्या वर असावा लागतो. म्हणजे शाखेतल्या शंभर उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी साधारण ऐंशी त्याच्या मागे असले पाहिजेत. पर्सेंटाइल आणि टक्के यांत लोकांची गल्लत होते. शाखेचा निकाल कडक लागला तर ७५ टक्केवालाही या रेषेच्या वर जातो, आणि निकाल सढळ लागला तर ८२ टक्केवाला खाली राहतो. गोवा शालान्त व उच्च माध्यमिक मंडळाच्या विद्यार्थ्यांची तुलना गोव्यातल्याच विद्यार्थ्यांशी होते. जागा विज्ञान, वाणिज्य आणि कला यांच्यात ३:२:१ या प्रमाणात वाटल्या जातात आणि निम्म्या मुलींसाठी असतात. बेताच्या गुणांच्या विद्यार्थ्याला ही योजना मिळणार नाही, हे स्पष्टच आहे. पण हिच्या अटी ऐकून बाकीच्या योजनांचे अर्ज न भरणे, ही या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे.

गुण न विचारणाऱ्या योजनांत सर्वांत मोठी आहे ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्याला दहावीनंतरच्या कोणत्याही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी ती मिळते. ती अकरावीपासूनच सुरू होते. गोव्यात अकरावी-बारावी हायर सेकंडरीत होत असल्याने हा शाळेचाच भाग वाटतो आणि अनेकांच्या हातून पहिली दोन वर्षे निसटतात. या शिष्यवृत्तीत सक्तीचे शुल्क भरून मिळते, शिवाय शैक्षणिक भत्ता मिळतो. २०२१ साली सुधारलेल्या दरांनुसार घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्याला अभ्यासक्रमाप्रमाणे वर्षाला २,५०० ते ७,००० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ४,००० ते १३,५०० रुपये भत्ता आहे. विधानसभेचा पेडणे मतदारसंघ हा गोव्यातला अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला एकमेव मतदारसंघ आहे. या योजनेची माहिती त्या तालुक्यातल्या प्रत्येक वाड्यावर असायला हवी.

इतर मागासवर्गीयांसाठी अशीच मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि तिचीही उत्पन्नमर्यादा अडीच लाखांचीच आहे. पेडणे-डिचोलीत भंडारी समाज मोठा असल्याने या योजनेचा संबंध पुष्कळ घरांशी येतो. इथे एक गोंधळ हमखास होतो. नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्याची मर्यादा आठ लाखांची असते. तो दाखला हातात आला म्हणजे शिष्यवृत्तीचे काम झाले, असे पालक धरून चालतात. तो दाखला राखीव जागेसाठी उपयोगी पडतो. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला वेगळा काढावा लागतो आणि त्यावरचा आकडा अडीच लाखांच्या आत असावा लागतो. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. त्यांच्या मुलांसाठी केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबरोबर गोवा सरकारच्या आदिवासी कल्याण संचालनालयाची गगन भरारी शिक्षण योजना आहे. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांचे काम समाजकल्याण संचालनालयाकडे आहे. अल्पसंख्याक समाजांसाठीच्या केंद्रीय मॅट्रिकोत्तर योजनेत मागच्या परीक्षेत ५० टक्क्यांची अट राहिली आहे. त्या योजनेचे नवे अर्ज चालू वर्षी घेतले जात आहेत का, हे आधी पाहून घ्यावे.

डिचोली तालुक्यासाठी एक योजना विशेष महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच फार कमी ऐकू येते. लोहखनिज, मँगनीज आणि क्रोम खाणींतल्या कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ साली केंद्राने कायदा केला. केंद्रीय श्रम मंत्रालय त्या कामगारांच्या मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शैक्षणिक मदत देते. विडी कामगार आणि चित्रपट कामगारांच्या मुलांसाठीही हीच योजना आहे. अकरावी-बारावीला वर्षाला ३,००० रुपये, आयटीआय, तंत्रनिकेतन आणि साध्या पदवीला ६,००० रुपये, तर व्यावसायिक पदवीला २५,००० रुपये असे तिचे दर आहेत. गुणांची अट एवढीच, की विद्यार्थी मागची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेला असावा. पंच्याण्णव टक्केवाला आणि पंचेचाळीस टक्केवाला इथे एकाच रांगेत असतात. कामगाराची किमान सहा महिन्यांची नोकरी लागते, उत्पन्नाची मर्यादा असते, आणि कंत्राटी कामगारही पात्र ठरतो.

डिचोलीतल्या घरांचे या योजनेशी असलेले नाते खाणींच्या चढउताराबरोबर बदलत गेले. २०१२ साली खाणी थांबल्या. मध्यंतरी त्या सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. ज्यांची नोकरी गेली त्यांच्या मुलांचा या मदतीचा आधारही गेला, कारण योजना कामावर असलेल्या कामगारासाठी आहे. लिलावानंतर डिचोलीच्या खाणपट्ट्यात २०२४ साली पुन्हा उत्खनन सुरू झाले. मये, शिरगाव, मुळगाव, लामगाव, बोर्डे या भागांतले जे लोक थेट किंवा कंत्राटदारामार्फत पुन्हा खाणीवर मजुरीने लागले असतील, त्यांच्या घरात हा प्रश्न नव्याने विचारला गेला पाहिजे. स्वतःचा ट्रक खनिज वाहतुकीला लावणारा मालक मात्र या अर्थाने खाणकामगार धरला जात नाही. कंत्राटदाराकडून नोकरीचा कागद मिळवणे हे यातले सर्वांत अवघड काम असते. तो कागद मागायला संकोच करण्याचे काहीच कारण नाही.

पेडण्यात मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. तालुक्यात रस्ते, घरे आणि हॉटेले यांची बांधकामे अजून चालूच आहेत. या कामांवर गवंडी, सुतार, प्लंबर, रंगारी, वायरमन आणि मजूर अशी कितीतरी माणसे आहेत. कायद्यानुसार १८ ते ६० वर्षे वयाचा आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर राबलेला कोणताही कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवू शकतो. नोंदणीकृत कामगाराच्या मुलांना शिक्षणासाठी मदत देणे हे या मंडळांचे एक काम आहे. बांधकामांवर बसवलेल्या उपकरातून हा निधी जमतो, तेव्हा त्यावर कामगाराचाच हक्क आहे. नोंदणी मात्र चालू असावी लागते. मुलाचा प्रवेश झाल्यावर नोंदणीची धावपळ करणारे पालक बहुधा त्या वर्षाला मुकतात.

चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. दुसरी म्हणजे अखिल भारतीय तांत्रिक शिक्षण परिषदेची सक्षम शिष्यवृत्ती. परिषदेची मान्यता असलेल्या पदविका किंवा पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या आणि कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या विद्यार्थ्याला सक्षममधून वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. तिच्यात गुणांची चढाओढ नाही, पात्र ठरेल त्या प्रत्येकाला ती मिळते. आईवडील गमावलेल्या मुलांसाठी परिषदेची तेवढ्याच रकमेची स्वनाथ योजना आहे. मुलींसाठी प्रगती योजना आहे. उत्पन्नमर्यादा आणि रक्कम तीच, आणि एका कुटुंबातल्या दोन मुलींना ती घेता येते. प्रगतीत निवड गुणांवर होते, पण प्रत्येक राज्याला वेगळा वाटा असतो आणि पदविकेची यादी पदवीच्या यादीहून वेगळी असते.

यावरून अभ्यासक्रमाची निवड आणि शिष्यवृत्ती यांचा संबंध लक्षात येतो. दहावीला बेताचे गुण मिळालेली मुलगी मये इथल्या डिचोली शासकीय तंत्रनिकेतनात पदविकेला गेली, तर तिला प्रगतीसाठी अर्ज करता येतो. तीच मुलगी हायर सेकंडरीला गेली तर येत नाही. पदविका पूर्ण करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतल्यावर प्रगतीचा अर्ज पुन्हा करता येतो, आणि तोपर्यंत दहावीचे गुण मागे पडलेले असतात. आयटीआय करून पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाण्याचीही सोय आहे. केवळ पैशासाठी अभ्यासक्रम निवडू नये, हे खरेच. पण दोन वाटा सारख्याच आवडीच्या असतील, तर कोणत्या वाटेवर मदत अधिक आहे, हे पाहण्यात गैर काही नाही.

खासगी शिष्यवृत्त्यांत गुणांचा उंबरठा असतो, पण तो वाटतो तितका उंच नाही. एचडीएफसी बँकेच्या परिवर्तन योजनेत मागच्या परीक्षेला ५५ टक्के आणि अडीच लाखांच्या आतले उत्पन्न ही मुख्य अट आहे. टाटा कॅपिटलची पंख आणि आयुर्विमा महामंडळाची सुवर्णमहोत्सवी शिष्यवृत्ती साठ टक्क्यांपासून अर्ज स्वीकारतात. रिलायन्स फाउंडेशन दरवर्षी पदवीच्या पहिल्या वर्षातल्या ५,००० विद्यार्थ्यांना संपूर्ण शिक्षणासाठी मिळून दोन लाखांपर्यंत मदत देते. बारावीला ६० टक्के आणि घरचे उत्पन्न १५ लाखांच्या आत असले की अर्ज करता येतो. मात्र त्यानंतर एक कलचाचणी द्यावी लागते आणि निवडीत तिच्या गुणांना महत्त्व असते. पाठांतरात मागे पडलेल्या पण आकडे आणि तर्क यांत चलाख असलेल्या विद्यार्थ्याला ही चाचणी बोर्डाच्या परीक्षेपेक्षा न्याय देऊ शकते.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिने पुष्कळांना धीर येईल. बारावीचे गुण जन्मभर चिकटून राहत नाहीत. बऱ्याच खासगी योजना दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून मागच्या वर्षाचा निकाल मागतात. विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालयात बारावीचे ५१ टक्के घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाला ६२ टक्के मिळवले, तर जुलैमध्ये बंद असलेली दारे पुढच्या जुलैमध्ये त्याला उघडी असतात. केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती मात्र याला अपवाद आहे. तिच्यात पहिल्याच वर्षी शिरावे लागते.

खुल्या प्रवर्गातल्या, खाणीशी किंवा बांधकामाशी संबंध नसलेल्या आणि पंचावन्नच्या आत गुण असलेल्या विद्यार्थ्याची बाजू सर्वांत लंगडी आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याच्यासाठी उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी योजना आहे. ती आर्थिक दुर्बल घरांतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिची चौकशी महाविद्यालयाच्या कचेरीतच करावी. व्यावसायिक आणि उच्च शिक्षणासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी कर्ज देते. कर्ज फेडायचे असते, म्हणून ते शिष्यवृत्तीत मोजता येत नाही. पण व्याज नसल्याने घरावरचा भार बराच हलका होतो. बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतले आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असले, तर तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणाच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरण्याची सोयही आहे. याखेरीज ज्ञातिसंस्था, देवस्थाने, सहकारी पतसंस्था आणि खाणमालक घराण्यांचे न्यास आपापल्या परीने मदत करतात. त्यांच्या जाहिराती क्वचितच दिसतात, चौकशी समाजाच्या कार्यालयात जाऊनच करावी लागते. आणि साखळी किंवा विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयातले माफक शुल्क व कदंब बसचा सवलतीचा पास या दोन गोष्टी मिळून वर्षाचा जो खर्च वाचवतात, तो एखाद्या छोट्या शिष्यवृत्तीच्या तोडीचा असतो. दूरच्या खासगी महाविद्यालयात प्रवेश घेऊन मग मदत शोधण्यापेक्षा हा हिशेब आधी मांडणे शहाणपणाचे आहे.

सीमेवरच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा आहे. दोडामार्ग, बांदा या बाजूंची मुले डिचोली, म्हापसा, पेडणे इथे शिकायला येतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा कायमचा रहिवासी आहे ते राज्य देते, महाविद्यालय ज्या राज्यात आहे ते नव्हे. त्यामुळे दोडामार्गच्या विद्यार्थ्याने गोव्याच्या खात्याकडे अर्ज केला तर तो फेटाळलाच जाणार. त्याने महाराष्ट्राच्या यंत्रणेकडे जायचे असते. गोवा सरकारच्या स्वतःच्या योजनांना बहुधा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. महाराष्ट्राच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या अनेक योजना महाराष्ट्रातल्याच महाविद्यालयांसाठी आहेत. सीमेपलीकडच्या महाविद्यालयात नाव घालण्याआधी दोन्हीकडचे नियम वाचले नाहीत, तर मुलगा दोन्हीकडून सुटतो.

अर्जाची रीत आता बरीचशी ऑनलाइन झाली आहे. केंद्राच्या बहुतेक योजना २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहेत. विद्यार्थ्याला आधार क्रमांकाने एकदाच नोंदणी करून कायमचा क्रमांक घ्यावा लागतो. अर्ज भरल्यावर तो आधी महाविद्यालय तपासते, मग जिल्हा किंवा राज्य पातळीवरचा अधिकारी तपासतो. महाविद्यालयातल्या तपासणीची मुदत वेगळी असते आणि अर्ज तिथेच अडकून पडला तर विद्यार्थ्याला कोणी घरी येऊन सांगत नाही. काही चूक निघाली तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो, तेव्हा पोर्टलवर जाऊन स्थिती पाहत राहणे हे विद्यार्थ्याचेच काम आहे. पैसे थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. खाते असणे आणि ते थेट हस्तांतरासाठी आधारशी जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजूर झालेली रक्कम परत जाण्याचे एक मोठे कारण हेच असते. आधार, गुणपत्रिका आणि बँक पासबुक या तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकच हवे. गोव्यात एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिले जाते, आणि त्यापायी अर्ज अडतात.

उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो. पगाराची स्लिप नसलेल्या घरांत, म्हणजे काजू बागायत, शेती, मासळी किंवा किनाऱ्यावरच्या हंगामी धंद्यावर चालणाऱ्या घरांत, चौकशीला वेळ लागतो. जातीचा दाखला उपजिल्हाधिकाऱ्यांकडून काढावा लागतो आणि त्यासाठी जुने कागद गोळा करावे लागतात. एका वेळी बहुधा एकच सरकारी शिष्यवृत्ती घेता येते, म्हणून दोन लागू होत असतील तर रकमा ताडून निवड करावी. पुढच्या वर्षी ती चालू ठेवायची तर वरच्या वर्गात जावे लागते, आणि अनेक योजनांत ७५ टक्के हजेरी लागते. बेताच्या गुणांच्या विद्यार्थ्याने पहिल्या प्रयत्नात शिष्यवृत्ती मिळवायची आणि दुसऱ्या वर्षी हजेरीमुळे गमवायची, हे फार वाईट वाटण्यासारखे आहे. सरकारी अर्जाला शुल्क नसते. मंजुरीसाठी पैसे किंवा ओटीपी मागणारा फोन आला, तर तो फसवणुकीचा समजावा.

राष्ट्रीय पोर्टल साधारणपणे पावसाळ्याच्या सुरुवातीला उघडते आणि त्यातले बरेच अर्ज दिवाळीच्या आसपास बंद होतात. मामलेदार कचेरीतली गर्दी मात्र निकालानंतर जून-जुलैत उसळते. बारावीची परीक्षा संपल्यावर निकालापर्यंतचे जे आठवडे हाती असतात, त्यांतच उत्पन्नाचा, जातीचा आणि वास्तव्याचा दाखला काढून ठेवावा व बँक खाते आधारशी जोडून घ्यावे. हायर सेकंडरीच्या शिक्षकांनीही एक करावे: सत्कारासाठी पहिल्या दहांची यादी करतात, तशीच या योजनांना पात्र असलेल्या बाकीच्या मुलांची यादी वर्ग सुटण्यापूर्वी करावी आणि प्रत्येकाला त्याच्या योजनेचे नाव सांगून घरी पाठवावे.